वाचकांचे प्रश्न : शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ यांचा हिशेब

प्रश्न : नव्या डिजिटल कॅमेऱ्याच्या पडद्यावर ‘१/६०, एफ ४, आयएसओ ४००’ असे आकडे दिसतात. घरात पळणाऱ्या मुलांचे फोटो मात्र हललेले येतात. या आकड्यांचा त्याच्याशी संबंध आहे का?

उत्तर : थेट संबंध आहे. हे तिन्ही आकडे प्रकाशाचाच हिशेब सांगतात, त्यामुळे ते सुटे पाठ न करता एकत्र समजून घ्यावेत.

१/६० हा शटर स्पीड, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागाइतका वेळ सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या भागावर, प्रकाश पडतो. तेवढ्यात पळणारे मूल पुढे सरकते आणि ते सरकणेच फोटोत पुसट होऊन उमटते. शटर स्पीड १/५०० केला, तर हालचाल बहुधा गोठलेली दिसेल. पण प्रकाश मात्र सुमारे एक अष्टमांशच मिळेल आणि फोटो काळवंडेल. ही तूट उरलेल्या दोन आकड्यांनी भरून काढायची असते.

अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र. लेन्सच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की एफचा आकडा मिळतो, म्हणूनच आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे, आणि नवशिक्यांचा सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. एफ ४ वरून एफ २ वर आल्यास प्रकाश चौपट होतो. मग आयएसओ, म्हणजे सेन्सरचा संकेत किती वाढवायचा याचा आकडा, ४०० चा ८०० केला की आठपटीचा हिशेब पुरा होतो आणि फोटो पहिल्याइतकाच उजळ येतो. लेन्स एफ ४ च्या पुढे उघडत नसेल, तर आयएसओ ३२०० वर न्यावा लागेल.

अर्थात, प्रत्येक बदलाची किंमत मोजावी लागते. छिद्र मोठे केले की स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो, त्यामुळे डोळे रेखीव आणि कान पुसट असेही घडते. आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर अधिक प्रकाश पडत नाही, तर मिळालेला संकेत वाढवला जातो. मुळात प्रकाशच कमी असल्याने चित्र दाणेदार दिसते. तरीही माझा आग्रह आहे की आयएसओला घाबरू नये, कारण दाणे नंतर बरेच कमी करता येतात, पण हललेला चेहरा पुन्हा रेखीव करणे फार अवघड असते. डायल ‘एस’ वर (काही कॅमेऱ्यांत ‘टीव्ही’ वर) ठेवा, शटर स्पीड १/५०० निवडा आणि आयएसओ ‘ऑटो’वर सोडा.

प्रश्न : जास्त मेगापिक्सेल म्हणजे चांगला फोटो असे समजावे का?

उत्तर : नाही. मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल, चित्राचे ठिपके. ६००० × ४००० पिक्सेलचे चित्र २४ मेगापिक्सेलचे असते, पण १२ × ८ इंचांच्या उत्तम छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले, तरी ३६०० × २४००, म्हणजे ९ मेगापिक्सेलपेक्षाही कमी लागतात. त्याहून अधिक पिक्सेल मोठ्या छपाईसाठी किंवा फोटोचा काही भाग कापून वापरण्यासाठी उपयोगी पडतात. अंधूक प्रकाशात सेन्सरचा आकार अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश जास्त गोळा होऊ शकतो.

प्रश्न : ऑप्टिकल झूम आणि डिजिटल झूम यांत फरक काय?

उत्तर : ऑप्टिकल झूममध्ये लेन्समधील भिंगे सरकून दृश्य खरोखर मोठे होते. डिजिटल झूम मुख्यतः चित्राचा मधला भाग कापून ताणतो. तेच काम फोटो काढल्यानंतर संगणकावर अधिक निगुतीने करता येत असल्याने डिजिटल झूम शक्यतो बंदच ठेवावा.