तोंड भाजतंय, पण ते पिंपल्स नाहीत

(वाचकांचे प्रश्न, त्वचेच्या डॉक्टरांची उत्तरं)

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी नाशिकची, वय 43. घरातून पोळ्यांच्या ऑर्डरी घेते, रोज दीडशेच्या वर होतात. दोन वर्षं झाली, गालांवर आणि नाकावर बारीक पुटकुळ्या येतात आणि तव्यासमोर उभी राहिले की मिरची लागल्यासारखं तोंड भाजतं. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, आठ दिवसांत चेहरा एकदम साफ. पण बंद केली की दुप्पट येतं, म्हणून वर्षभर लावतेच आहे. या वयात पिंपल्स कसे? सासूबाई म्हणतात अंगात उष्णता आहे.

उत्तर : ताई, पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा माझं लक्ष त्या ट्यूबवरच अडकलं. त्यावर येतेच, आधी पिंपल्सचं बोलू.

आरशात जवळून बघा. पिंपल्स असतील तर त्यात ब्लॅकहेड्स दिसतात, काळे ठिपके, नाहीतर पांढऱ्या कण्या. ते काहीच नाही, नुसत्या लालसर पुटकुळ्या, त्या पण गाल, नाक, कपाळ, हनुवटी असा मधलाच भाग धरून, आणि सोबत जळजळ, तर मला रोझेशिया या चेहऱ्याच्या त्वचेच्या आजाराचा संशय येतो. हा बहुतेक तिशीनंतरच सुरू होतो आणि वर्षानुवर्षं कमी-जास्त होत राहतो. पुस्तकात गोऱ्या माणसांचे लालबुंद गाल दाखवलेले असतात, आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगात ती लाली लपून जाते आणि मग सगळे पिंपल्स पिंपल्स करत बसतात. म्हणून मी पेशंटला रंग नाही विचारत, भाजतं का ते विचारते. याची रक्ततपासणी वगैरे नसते, बघूनच ओळखावा लागतो, त्यामुळे पत्रावरून मी शिक्कामोर्तब करणार नाही.

आता ती ट्यूब. खोक्यावर अगदी बारीक अक्षरात घटक छापलेले असतात, मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल असलं काही असेल तर ते स्टिरॉइड आहे. ते सूज दाबतं म्हणून आठ दिवसांत चेहरा साफ दिसला, पण रोज चेहऱ्यावर लावत गेलं की कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात आणि रोझेशिया नसला तरी अगदी तसाच पुरळ उठतो. आमच्याकडे याला वेगळं नावच पडलंय, स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा, आणि गोरं व्हायला म्हणून अशी मलमं लावणाऱ्या मुलींमध्ये तो भरपूर दिसतो. 2018 मध्ये सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला, तरी काउंटरवर ती मिळतातच, तुम्हालाही बहुधा तसलीच मिळाली! स्टिरॉइड निघालं तर वर्षभर लावलेली ट्यूब आपल्या मनाने एका दिवसात फेकू नका, चेहरा भडकेल आणि घाबरून परत तीच आणाल. ती घेऊनच स्किनच्या डॉक्टरकडे जा. ते टप्प्याटप्प्याने सोडवतात, मधले काही आठवडे वाईट जातात हे आधीच सांगून ठेवते.

रोझेशियाच निघाला तर मेट्रोनिडाझोल किंवा अझेलाइक अॅसिडची जेल, 1 टक्क्याचं आयव्हरमेक्टिन क्रीम, जास्त असेल तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, यातलं काहीतरी देतात. गोळी ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची, लगेच आडवं व्हायचं नाही, आणि दिवस गेले असतील तर ती चालत नाही. फरक पडायला दोन-तीन महिने धरून चाला. पंधरा दिवसांत चार डॉक्टर बदलणारे पेशंट मी बघितलेत, त्यांना कशाचाच गुण येत नाही.

सासूबाई अगदीच चुकल्या नाहीत बरं का! उष्णता आहेच, फक्त अंगातली नाही, शेगडीची आहे. तवा सोडा असं मी सांगणार नाही, घर त्यावर चालतं. टेबलफॅन लावला तर गॅस फडफडतो आणि पोळी कडक होते हेही मला माहितीये, म्हणून एक्झॉस्ट लावून घ्या, पंचवीस-तीस पोळ्या झाल्या की ओट्यापासून बाजूला व्हा, गार पाण्यात पिळलेला नॅपकिन मानेवर आणि गालांवर टेका, चोळू नका. चहा बंद नको, थोडा निवू द्या, बऱ्याच जणांना त्रास त्याच्या गरमपणाचाच असतो. ठेचा प्रत्येकाला बाधतो असं नाही. कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहितो ना, तिथेच ज्या दिवशी भडकलं त्या दिवशी काय खाल्लं, किती ऊन लागलं ते टाका, महिन्याभरात तुमचं तुम्हालाच कळेल. बाहेर पडताना झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, एसपीएफ 30 च्या वरचं. आणि लिंबू, स्क्रब, पार्लरची वाफ, ब्लीच सगळं बंद.

प्रश्न : मी कोल्हापूरचा, वय 58, माळकरी आहे, दारूला आयुष्यात शिवलो नाही. पण पाच-सहा वर्षांत नाक जाड होत संत्र्याच्या सालीसारखं झालंय. लग्नकार्यात लोक बघून कुजबुजतात. काय करू?

उत्तर : काका, हा रोझेशियाचाच प्रकार असावा, नाकाच्या तेलग्रंथी आणि कातडी वाढत जाते. याला रायनोफायमा म्हणतात आणि तो जास्त करून पुरुषांमध्येच दिसतो. दारूने काहींचा चेहरा लाल होतो हे खरं, पण थेंबही न घेणाऱ्यांना हे होतं. पॅरिसच्या लुव्र म्युझियममध्ये गिर्लांदायो नावाच्या इटालियन चित्रकाराचं 1490 च्या आसपासचं चित्र आहे, त्यातल्या आजोबांचं नाक अगदी असंच, आणि कुशीतला नातू त्यांच्याकडे इतक्या मायेने बघतोय! वाढलेला भाग मलमाने उतरत नाही, लेझरने किंवा छोट्या ऑपरेशनने तासून आकार देता येतो. मात्र नाकावर एकाच जागी न भरणारी जखम किंवा वेगळी गाठ असेल तर आधी ती दाखवा.

प्रश्न : माझ्या गालांवर रोझेशिया आहे, औषध चालू आहे. पण डोळ्यात सारखी वाळू गेल्यासारखं वाटतं, रांजणवाडीही परत परत येते. याचा त्याच्याशी संबंध आहे का? (वय 34, पुणे)

उत्तर : आहे, बऱ्यापैकी जणांच्या डोळ्यांतही तो उतरतो. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा आणि गालाचं औषध चालू आहे हे आठवणीने सांगा. तोवर स्वच्छ फडकं कोमट पाण्यात पिळून पाच मिनिटं बंद पापण्यांवर ठेवा, गालांना लागू देऊ नका. उजेड सहन होत नसेल, दुखत असेल किंवा अंधुक दिसत असेल तर त्याच दिवशी जा.