कावळा बोलत का नाही?

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी माझे सासरे हृदयविकाराने गेले. साडेचार वर्षांच्या मुलाला आम्ही सांगितलं, 'आजोबा शांत झोपलेत, देवाघरी गेलेत.' दहाव्याला पिंडाला कावळा शिवला तेव्हा कुणीसं म्हणालं, 'बघ, आजोबा आले!' आता तो खिडकीत कावळ्यासाठी पोळीचा तुकडा ठेवतो आणि 'आजोबा बोलत का नाहीत?' म्हणून रडतो. झोपायला घाबरतो, अंथरूणही ओलं करू लागलाय. काय करावं?

उत्तर : या वयात मुलं ऐकलेलं शब्दशः घेतात. आजोबा झोपले ते उठलेच नाहीत, मग मी झोपलो तर? त्याची भीती बहुधा इथेच आहे.

आधी शब्द दुरुस्त करा. आजोबांना 'मेले' म्हणणं घरात कुणाला रुचणार नाही. 'वारले' म्हणा, पण अर्थ सांगा. मेलेलं झुरळ त्याने पाहिलेलं असतं, तिथून सुरुवात करता येते: 'आजोबांचं शरीर चालायचं कायमचं थांबलं. त्यांना आता भूक लागत नाही, दुखत नाही. ते परत येणार नाहीत. झोपलेला माणूस श्वास घेतो आणि सकाळी उठतो, ते वेगळं.' नुसतं 'आजारी होते' म्हणू नका, नाहीतर तुम्हाला सर्दी झाली तरी तो धास्तावेल. 'हृदयाचा मोठा आजार होता, औषधांनीही बरा झाला नाही,' असं सांगा. तुझ्या रागावण्यामुळे किंवा हट्टामुळे हे झालं नाही, हेही न विचारता सांगा. मुलं असं मनात धरतात आणि बोलत नाहीत.

कावळ्याला पोळी घालू द्या. फक्त म्हणा, 'हा पक्षी आहे, आजोबा नाहीत. आजोबांची आठवण म्हणून आपण त्याला खाऊ देतो.'

तोच प्रश्न तो वीसदा विचारेल. मृत्यू कायमचा असतो हे बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान नीट उमगतं. घरातल्या सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचं, आजीनेसुद्धा. (हे सर्वांत अवघड.) 'आई, तू पण मरशील?' याला 'कधीच नाही' म्हणू नका. 'सगळेच कधीतरी मरतात, बहुतेक जण खूप म्हातारे झाल्यावर. मी पुष्कळ वर्षं तुझ्याजवळ असेन असं मला वाटतं. आणि बाबा, आजी आहेतच.'

आता रडला आणि पाच मिनिटांत खेळायला पळाला, तर दुःख ओसरलं असं समजू नका; लहान मुलं तुकड्यातुकड्यांनीच रडतात. अंथरुणावरून रागवू नका. खाली रबरी कापड घाला, झोपेची वेळ आणि गोष्ट रोजचीच ठेवा, दिवा मंद राहू द्या. लघवीला जळजळ होत असेल किंवा ताप असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. आणखी महिनाभरात झोप सुधारली नाही, तो खाईना, खेळेना, किंवा 'मला आजोबांकडे जायचंय' असं वारंवार म्हणू लागला, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा.