दोन तासांचं शिबिर आणि नऊ तासांची ड्युटी

प्रश्न : ताई, मी नाशिकला अंबड एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे, मिस्टर सातपूरला, त्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. मुलगी साडेपाच वर्षांची, सीनियर केजी झालं. शाळा आता थेट जूनच्या मध्याला उघडणार. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिच्यामागे पळणं त्यांना जमत नाही. कॉलेज रोड, गंगापूर रोड सगळीकडे समर कॅम्प विचारून झाले, सकाळी ८ ते १० नाहीतर संध्याकाळी ५ ते ७, तेही दहा-बारा दिवसच. मधल्या वेळेचं काय करू? रजा तरी किती टाकणार?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : अगं, तू शोधतेयस कॅम्प आणि तुला हवंय पाळणाघर, म्हणून काहीच बसत नाहीये. चित्रकला, स्केटिंगवाले कॅम्प हे घरी कोणीतरी आहे असं धरूनच ठेवलेले असतात, पोराला १० वाजता आणणार कोण हा प्रश्न त्यांना पडतच नाही. त्यामुळे आधी दिवसभराचं डे केअर पक्कं कर, कॅम्प नंतर मिळाला तर मिळाला. शोधतानाही घराजवळ शोधू नको, ऑफिसच्या वाटेवर शोध, पाथर्डी फाटा, सिडको, अंबड या बाजूला, म्हणजे फोन आला तर दहा मिनिटांत पोचशील.

बघायला जाशील तेव्हा सकाळी जाऊ नको. सकाळी सगळीकडेच छान असतं. माझ्या मुलाला मी एका 'फुल डे कॅम्प'ला घातलं होतं, भिंतीवर फुगे, रंगीत टाइमटेबल, सगळं. एकदा दुपारी दीडला न सांगता गेले तर एका हॉलमध्ये वीसेक मुलं टीव्हीसमोर बसवलेली, पंखा एकच, आणि माझा मुलगा कोपऱ्यात चप्पल पायात ठेवूनच झोपलेला, डबा तसाच, उघडलेलासुद्धा नाही. ती चप्पल मी अजून विसरले नाही. म्हणून सांगते दुपारीच जा, मुलं झोपतात कुठे, पाणी त्यांच्या हाताला येतं का की दर वेळी मागावं लागतं, बाथरूमला सोबत कोण जातं, आणि त्या मावशींचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का हे तोंडावर विचार, त्यात लाजायचं काही नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, दुपारी बाहेर खेळवतो म्हणाले तर सरळ नाही म्हण.

आणि एक, कंपनीच्या एचआरला विचारलंस का? ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोय द्यायलाच हवी, २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हाच हे आलं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन यायची मुभाही आहे. स्वतःचंच पाहिजे असं नाही, सामायिक सोयही चालते. बायका मागत नाहीत म्हणून कागदावरच राहतं. तुझी मुलगी अजून सहाची नाही, आत्ताच लेखी अर्ज दे, एकटीने नको, लहान मुलं असलेल्या दोघी-तिघींना घेऊन.

पूर्ण सुट्टी एकाच जागी काढायची असंही नाही ना. आजोळ असेल तर दहा-बारा दिवस तिकडे, मिस्टरांची सेकंड शिफ्ट असेल त्या आठवड्यात सकाळ त्यांची, तेव्हा तो ८ ते १० चा कॅम्पही जमेल, तेच सोडतील-आणतील. सासूबाईंनाही पूर्ण बाजूला ठेवू नको, बसल्या बसल्या गोष्ट सांगायला गुडघा लागत नाही, संध्याकाळचा एक तास त्यांचा.

डे केअर ठरलं की पहिले दोन दिवस अर्धाच वेळ ठेव. आणि तिला '५ वाजता येते' असं सांगू नको, तिला घड्याळ कुठे कळतंय, 'दूध-बिस्कीट झालं की आई येते' असं सांग आणि त्या वेळेला गेटवर उभी राहा.