बर्फावर जाताय? आधी गुडघे, मग स्वेटर

डिसेंबर जवळ आला की गुलमर्ग, औली, सोलंगची बुकिंगं सुरू होतात आणि आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. यंदा बहुतेकांनी थंडीबद्दलच विचारलंय. थंडीला कपडे आहेत हो. सहलीचा विचका होतो तो गुडघे, बूट आणि उंची यांच्यापायी, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : जानेवारीत गुलमर्गला सहा दिवस स्की शिकायला जाणार आहे. वय ४६. रोज पाच किलोमीटर चालतो. एवढी तयारी पुरेल का? (कोथरूड)

दमसास पुरेल, मांड्या पुरणार नाहीत. स्की करताना गुडघे सतत वाकलेले असतात. मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी वजनही पेलत असतो. सपाट रस्त्यावर चालून त्याला ही सवय लागत नाही, उतरताना लागते. सिंहगड चढल्याचं कौतुक सगळेच करतात. तुम्ही तो जीपने न येता चालत उतरा. ते जमत नसेल तर पर्वती आहेच. चढा कसेही, पण उतरताना सावकाश, पाऊल न आपटता. आठवड्यातून तीनदा, निदान सहा आठवडे. पहिल्या खेपेनंतर दोन दिवस मांड्या भरून येतील. ते दुखणं गुलमर्गच्या दुसऱ्या दिवशी येण्यापेक्षा इथेच उरकलेलं बरं. जोडीला भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं बसा, ३० सेकंदांपासून ९० पर्यंत वाढवत न्या. दात घासताना एका पायावर उभं राहा, तोल सुधारतो.

आता दुखापतीचं. गुडघ्याचं लिगामेंट बहुधा मागे पडताना जातं, तेही पडण्याने कमी आणि पडता पडता उठून सावरायच्या धडपडीने जास्त. तोल गेलाच तर कुशीवर पडा आणि घसरणं थांबेपर्यंत उठू नका. हातातली काठी सोडून द्या, नाहीतर अंगठा मुरगळतो. पडल्यावर स्की बुटापासून सुटते ती बाइंडिंगमुळे, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीमुळे. ती किती जोराला सुटावी हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्हाला किती येतं यावरून लावतात. दुकानदाराने यातलं काहीच न विचारता स्की हातात ठेवली तर तिथेच थांबवा. आणि ‘थोडंफार येतं’ असं म्हणू नका. त्या एका वाक्याने बाइंडिंग घट्ट लागते आणि ऐन वेळी सुटत नाही.

प्रश्न : भाड्याच्या बुटात पाय गारठतात असं ऐकलं. लोकरीचे दोन-तीन मोजे घातले तर चालतील का? (सहकारनगर)

नाही. एकच मोजा घाला, पातळ, गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा, लोकरीचा किंवा सिंथेटिक. सुती नको, तो घाम धरून ठेवतो. जास्त मोज्यांनी पाय आवळला जातो, रक्त कमी पोचतं आणि बोटं उलट जास्त गारठतात. थर्मलची पँट बुटात खोचू नका, तिच्या घडीने नडगी सोलून निघते. माप सेंटिमीटरमध्ये घ्या : टाच भिंतीला टेकवून अंगठ्याच्या टोकापर्यंत. बूट चढवल्यावर टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, मग बकल लावा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकावीत आणि गुडघे वाकवले की सुटावीत. बोटं बधिर होत असतील तर पावलावरची बकलं एकेक खाच सैल करा.

प्रश्न : सकाळी पुण्याहून निघून संध्याकाळी गुलमर्ग, दुसऱ्या दिवशी थेट गोंडोलाने (केबल कारने) वर. वय ५८, चालेल? उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्सची गोळी घ्यावी का? (औंध)

पुणे ५६० मीटरवर, गुलमर्ग सुमारे २६५० वर, आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवाट शिखराजवळ जवळजवळ ३९५० मीटरवर सोडतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो. शक्य असेल तर पहिली रात्र श्रीनगरला काढा, गुलमर्गला पोचल्यावर एक दिवस खालच्या उतारावरच राहा, अफरवाट शेवटाकडे ठेवा.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे पोचल्यावर सहा ते बारा तासांत सुरू होतं. एवढंच असेल तर पॅरासिटामॉल, पाणी, आराम; आणि बरं वाटेपर्यंत आणखी वर जाणं बंद. दारू पहिले दोन दिवस नकोच. बसल्या जागी धाप लागली, किंवा टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालता येईना, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री तंगमर्गला उतरा, रस्ता १३ किलोमीटरचा आहे, आणि तिथून पुढे दवाखाना गाठा.

डायमॉक्स डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी सांगा. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोड्याची चव बिघडते, घाबरू नका.

प्रश्न : खोलीत बुखारी (खोली गरम करायची शेगडी) रात्रभर चालू ठेवली तर? (हडपसर)

झोपताना विझवा. कांगडी (निखारे ठेवायची काश्मिरी टोपली) किंवा कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणं तर नकोच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याचं डोकं दुखणं उंचीच्या त्रासासारखंच वाटतं. खोलीतल्या सगळ्यांचं एकदम दुखू लागलं आणि बाहेर गेल्यावर उतरलं, तर संशय बुखारीवर घ्या. रात्रीसाठी रजया जास्तीच्या मागून घ्या.

प्रश्न : आईला मधुमेह आहे, सोबत येतेय. इन्सुलिन कसं न्यावं? (चिंचवड)

विमानात हातातल्या बॅगेत, बाहेर फिरताना जाकिटाच्या आतल्या खिशात. गोठून वितळलेलं इन्सुलिन दिसायला नेहमीसारखं असलं तरी फेकून द्या. ग्लुकोमीटरही तसाच खिशात ठेवा, गारठला की एरर दाखवतो. आणि गोठलेल्या बोटातून रक्ताचा थेंब येत नाही, हात आधी गरम करून घ्यायला सांगा.