चीनमध्ये ग्रुपने फिरताना घरच्या जेवणाची आठवण आली तर काय करायचं? मुलीला सोबत काय देऊ?

तुम्ही लिहिलंय की मुलगी कॉलेजच्या ग्रुपबरोबर तीन आठवडे बीजिंग, शिआन, चेंगडू फिरणार आहे, तिचे जेवणाचे हाल होतील का आणि बॅगेत काय भरून द्यावं. आधी एकांनी उत्तर दिलंय की मोठ्या शहरात इंडियन रेस्टॉरंट असतात, काळजीचं कारण नाही. हेच वाक्य मी २०१६ मध्ये शिआनमध्ये ऐकलंय आणि ते तेव्हाही चुकीचं होतं, म्हणून लिहितेय.

मी कुडाळची. बीजिंगला शिकायला होते, दुसरं वर्ष चालू होतं. तिकडे १ ऑक्टोबरपासून आठवडाभर राष्ट्रीय सुट्टी असते आणि अख्खा देश एकाच वेळी गाडीत बसतो. आम्ही नऊ जण निघालो, सगळे भारतीय, पण मराठी म्हणाल तर मी आणि पुण्याची एक मैत्रीण. बाकी पंजाब, दिल्ली, लखनौ, एक हैदराबादचा. ट्रिपचं सगळं एका सीनियरने ठरवलेलं, तिकिटं, हॉस्टेल, रोजचा खर्च, आणि अर्थातच कुठे जेवायचं तेही.

शिआन सुंदर आहे, त्यात वाद नाही. मातीचे सैनिक बघितले, शहराच्या तटावरून सायकल चालवली, आणि ह्युएन त्सांगने भारतातून नेलेल्या पोथ्या ठेवायला बांधलेला तो पॅगोडा बघितला. शाळेत पुलकेशीच्या धड्यात वाचलेला माणूस, आपल्या महाराष्ट्रात येऊन गेलेला, आणि त्याच्या शहरात मी उभी, मला खरंच भरून आलं. पण शिआन म्हणजे गव्हाचा मुलुख. तिथे मटणाच्या रश्शातली रोटी फेमस आहे, त्यात आपल्यासमोर दोन घट्ट कोरड्या रोट्या आणून ठेवतात आणि त्या आपणच हाताने कुस्करायच्या, दाण्याएवढे बारीक तुकडे करायचे, मग वाडगा परत आत जातो आणि रस्सा घालून शिजवून येतो. आजूबाजूचे म्हातारे लोक गप्पा मारत अर्धा अर्धा तास शांतपणे कुस्करत बसलेले. ग्रुपमधली उत्तरेकडची पोरं एकदम खूश होती, सकाळी वाफवलेले पाव, दुपारी पट्ट्याएवढ्या रुंद नूडल्स, रात्री परत रोटी. मी चार दिवस खाल्लं, चवीला वाईट काहीच नव्हतं. पण चौथ्या रात्री माझ्या पोटात अन्न होतं आणि तरी मी जेवले नव्हते. ज्याला भाताची सवय आहे त्याला हे वेगळं समजवायला लागत नाही.

त्या रात्री घरी फोन केला. आजीने नेहमीचं विचारलं, "काय गो, जेवलंस मा?" आणि मी रडले. सीनियरने ते बघितलं. वाईट मनाचा नव्हता तो, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मुद्दाम एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये घेऊन गेला, माणशी ऐंशी युआन बिल, म्हणजे आमच्या एका दिवसाचं जवळजवळ सगळं बजेट. दाल मखनी, पनीर बटर मसाला, नान, जीरा राइस. पोरं तुटून पडली. मी जीरा राइस कालवत बसले आणि दोन घासांवर थांबले, तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, इंडियन खायचं म्हणून रडत होतीस ना, आता मिळालंय तर नखरे कशाला. मी म्हटलं हे माझ्या घरचं जेवण नाही. तो म्हणाला, भारतीय नाहीस का तू? टेबलावर सगळे हसले. पुण्याची मैत्रीण तेवढी हसली नाही, तिला तीन दिवस वरण आठवत होतं.

मुद्दा इथेच आहे. घरच्या जेवणाची आठवण येते ती "इंडियन फूड"ची नसते. ती आपल्या चुलीची, आपल्या तालुक्याची असते. माझ्या घरी लग्नाशिवाय पनीर आलेलं मला आठवत नाही. कुडाळपासून पनीर बटर मसाला जितका लांब तितकाच तो शिआनपासून लांब. मग नऊ जणांच्या ग्रुपमध्ये नऊ वेगवेगळ्या आठवणी असणार आणि एकाच हॉटेलात बसवून त्या भागणार नाहीत, एवढं साधं गणित लोकांना का कळत नाही?

आम्ही शिआनहून रात्रीच्या गाडीने चेंगडूला निघालो. सुट्टीमुळे स्लीपर मिळालं नव्हतं, हार्ड सीटची तिकिटं, समोरासमोर बसायचं, मधल्या वाटेतही माणसं उभी, कोणी सूर्यफुलाच्या बिया सोलतंय, कोणी डब्याच्या टोकाच्या बॉयलरमधून गरम पाणी आणून इन्स्टंट नूडल्सच्या बादलीएवढ्या कपात ओततंय. गाडी रात्रभर छिनलिंग डोंगरातून जाते, बोगद्यामागून बोगदे. आमचे भूगोलाचे सर सांगायचे की हाच डोंगर चीनचे दोन भाग करतो, उत्तरेला गहू, दक्षिणेला भात. वर्गात मी ते लिहून घेतलं होतं, पण त्याचा अर्थ मला सकाळी खिडकीतून कळला. उजाडलं तेव्हा बाहेर कापणी झालेली भातखाचरं होती, पेंढ्या बांधून उभ्या केलेल्या, बांधावर केळी, हवेत ओल. दसऱ्यानंतर आमच्याकडे दिसतं तसंच. मी पुण्याच्या मैत्रिणीला हलवून उठवलं.

हॉस्टेलला नाश्त्याला काय होतं माहितीये? पेज. तांदळाची पांढरी, सैल, गरम पेज, आणि वाटीत खारवलेल्या भाजीचं लोणचं. तिकडे तिला चोउ म्हणतात आणि चीनभर मिळते, शिआनमध्येही होती पण ती पिवळ्या बारीक भरडधान्याची. मी तीन वाट्या प्यायले. सीनियर म्हणाला आजारी माणसाचं खाणं आहे हे. कोकणात अर्धी पिढी पेज पिऊन शेतात राबली, त्याला काय माहीत.

दुपारी मासा मागवला. नदीचा होता, आणि मी स्पष्टच सांगते, नदीच्या माशाला समुद्राच्या माशाची सर नाही, चिखलाचा वास राहतोच. लालभडक तेलात पातळ तुकडे, वर मूठभर सुक्या मिरच्या आणि बारीक तपकिरी फुटलेली फळं. पहिला घास घेतला, जिभेला मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, आणि नाकात जो वास गेला तो मी झोपेतही ओळखेन. मी ओरडलेच, "तिरफळ!" टेबलावर कोणालाच कळेना. आमच्या कोकणातला मसाला, बांगड्याच्या तिखल्यात (तिखट कालवणात) पडतं ते तिरफळ, तुरीच्या आमटीत ठेचून घालतात ते. चिनीत त्याला ह्वाच्याओ म्हणतात. नंतर वाचलं, दोन्ही एकाच वंशातली झाडं आहेत, लिंबाच्या कुळातली, काटेरी, फक्त जात वेगळी. आपल्याकडे गाडीवर जे शेजवान म्हणून मिळतं ते नाव याच सिचुआनवरून, म्हणजे चेंगडूच्या प्रांतावरून आलंय, आणि त्यात नेमकं हेच नसतं.

पुढचं मला अजून जसंच्या तसं दिसतं. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात एक बाई होत्या, पन्नाशीच्या. तिकडे अशा बाईंना आ-यी म्हणतात, मावशी या अर्थाने. रोज तोंडातून आईसारखाच शब्द निघायचा आणि मला दर वेळी आत कुठेतरी लागायचं. त्यांची बोली तिकडची, चार आणि दहा मला सारखेच ऐकू यायचे, त्यामुळे अर्धं बोलणं हातवाऱ्यांनी. मी त्यांना म्हटलं मला डाळ शिजवायची आहे. बॅगेत आजीने दिलेली अर्धा किलो तूरडाळ होती, बीजिंगपासून फिरत होती, सोबत सोलांची (आमसुलांची) पुडी आणि हिंग. त्यांनी कुकर दिला. तिकडच्या कुकरला शिट्टी होत नाही, नुसता फुसफुसत राहतो, त्यामुळे अंदाजाने उतरवला. मग त्यांनी डब्यातून ह्वाच्याओ काढलं, स्टीलच्या ताटलीत पसरलं आणि एकेक फळ नखाने उघडून आतली काळी चकचकीत बी बाजूला टाकायला लागल्या. बी खरखरीत लागते, चव सालीत असते. माझी आजी पडवीत बसून हेच करते, असंच नखाने, असंच ताट मांडीवर तिरकं धरून. मी काही न बोलता समोर बसले आणि निवडायला लागले. बाई थांबल्या, माझ्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, तुमच्याकडे पण आहे हे? मी म्हटलं, आहे, माझ्या घरामागे झाड आहे.

आमटीत हिरवी मिरची, हळद, सोलं आणि ठेचलेलं ह्वाच्याओ. खोबरं नव्हतं. भात त्यांनीच लावला. नऊच्या नऊ जण जेवले, आ-यीही बसल्या, पुण्याच्या मैत्रिणीने वरणभात कालवला आणि वर बघितलंच नाही. सीनियरने दोनदा घेतलं आणि म्हणाला, बघ, शेवटी इंडियनच लागलं ना. मी तेव्हा गप्प बसले. आजही आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ट्रिपचा विषय निघाला की तो हेच वाक्य टाकतो. त्याला आता इथे उत्तर देते. डाळ कुडाळची, तांदूळ चेंगडूचा, तिरफळाच्या जागी सिचुआनचं फळ, कुकर एका चिनी बाईचा. त्यातलं अर्धं जेवण चीनचं होतं आणि त्या अर्ध्यामुळेच ते माझ्या घरासारखं लागलं. तुझ्या ऐंशी युआनच्या नानने ते झालं नव्हतं.

आता तुमच्या मुलीचं. ठेपले, चिवडा, चकल्या असलं बॅग भरून देऊ नका, चौथ्या दिवशी त्याचाही कंटाळा येतो आणि ग्रुपमध्ये वाटून दोन दिवसांत संपतं. तुमच्या घरात ज्या एका वासाने घर आठवतं ती एक वस्तू द्या. गोडा मसाला असेल, मेतकूट असेल, सोलं असतील, शेंगदाण्याची चटणी असेल. मेतकूट तर फारच उत्तम, भात आणि गरम पाणी कुठेही मिळतं, गाडीतसुद्धा. थोडी डाळ द्या. आणि तिला सांगा की हॉटेलात भात आधीच मागायचा, "मीफान" म्हणायचं, नाहीतर तो सगळ्यात शेवटी येतो.

शाकाहारी असेल तर टोमॅटो-अंडं (अंडं चालत असेल तर), आंबट-तिखट बटाट्याचा कीस आणि वांगं-बटाटा-मिरचीची भाजी हे तीन पदार्थ बहुतेक सगळीकडे मिळतात. "वो छ् सू" म्हणजे मी शाकाहारी, पण तेवढ्यावर विसंबू नका, भाजीत वरून डुकराचा खिमा घातला तरी बऱ्याच लोकांना ती भाजीच वाटते, म्हणून प्रत्येक वेळी विचारायचं. डुक्कर नको असेल तर लांचौ नूडल्सची मुस्लिम दुकानं गल्लोगल्ली असतात. चेंगडूत वेन्शू मठात शुद्ध शाकाहारी जेवण मिळतं.

राहिलेलं थोडं. तूप, लोणी, पेढे, मांसाचे पदार्थ, ताजी फळं-भाज्या, बियाणं हे चीनच्या कस्टमला चालत नाही. अख्खी कडधान्यं म्हणूनच टाळा आणि जायच्या आधी नियम एकदा तपासा, बदलत असतात. स्टेशनवर प्रत्येक वेळी बॅगा मशीनमधून जातात, सुरी नेऊ नका. आणि माझं सगळं २०१६ चं आहे. २०१७ च्या डिसेंबरपासून शिआन-चेंगडू हायस्पीड गाडी सुरू झाली, चारेक तासांत पोचवते, तेव्हा रात्रभराचा तो प्रवास तिला करावा लागणार नाही. इंडियन रेस्टॉरंटला जायचंच नाही असंही मी म्हणत नाही, ज्यांच्या घरी ते जेवण होतं त्यांनी जरूर जावं, फक्त दुसऱ्याला नखरे म्हणू नये.

येताना तिला शंभर ग्रॅम ह्वाच्याओ आणायला सांगा. मी आणलं होतं. आजीने एक फळ दाताखाली धरलं, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "ह्या आपला तिरफळ न्हय गो, पण त्याचो चुलतभाव आसा." वाटीभर डाळीच्या आमटीला सात-आठ फळं पुरेत, बी काढून, ठेचून, आणि आमटी उतरवायच्या जरा आधी.