भातुकलीच्या कपातला चहा

चि. मुला,

अनेक आशीर्वाद.

गुरुवारी डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर तू मला विचारलंस, "काकू, काकांच्या डायलिसिसपायी तुम्ही सहा वर्षं हे काढलंत. तुम्हाला हसू कसं यायचं?" मी तोंड उघडणार तेवढ्यात सिस्टरांनी हाक मारली, आईला मशीनवरून काढलं होतं, आणि तू पळालास. तेव्हापासून तुझा प्रश्न डोक्यातून जात नाही. फोनवर मला असलं बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

तुझी धावपळ मी बघते आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार पहाटे उठायचं, आईचा डबा करायचा, पहिली एसटी पकडून साताऱ्यात सकाळच्या पाळीला हजर व्हायचं. चार तास मशीन. घरी पोहोचेपर्यंत तिचं डोकं जड, पाय लटपटलेले. मधला दिवस जरा बरा जातो न जातो तोच पुन्हा तेच. पुण्याच्या यादीत मूत्रपिंडासाठी नाव घातलंय, पण फोन कधी येईल ते कुणीच सांगू शकत नाही. आणि जाता जाता तू म्हणालास, परवा मॅच बघताना मोठ्यानं ओरडलो आणि एकदम माझीच मला लाज वाटली. खरं तर त्या वाक्यासाठी हे पत्र.

माझंही तेच झालं होतं. पहिल्या वर्षी दिवाळीत मी आकाशकंदील माळ्यावरून काढलाच नाही. रांगोळी नाही, फराळ नाही. घरात एवढं दुखणं असताना कसली दिवाळी, असं मीच ठरवून टाकलं. वसुबारसेच्या संध्याकाळी तुझे काका ओसरीवर बसले होते. आजूबाजूला दिवे लागले. ते म्हणाले, "अगं, मी अजून आहे ना? मग घर सुतकातल्यासारखं का ठेवलंयस?" मी आत जाऊन रडले, आणि मग स्टूल घेऊन माळ्यावर चढले. कंदिलाची एक बाजू उंदरांनी कुरतडली होती. तोच लावला.

मी दुःख करत होते ते त्यांच्यापायी, आणि त्याचा भार पडत होता तो त्यांच्यावरच. तुझी आईसुद्धा दिवसभर तुझा चेहरा वाचत असणार. तू ओरडलास तो आवाज आतल्या खोलीत गेला असेल, तर पोरगं अजून पोरगं आहे म्हणून तिला केवढं बरं वाटलं असेल. लाज कसली वाटून घेतोस?

आणि 'सगळं मार्गी लागलं की मग' असं म्हणू नकोस. या दुखण्यात ते 'मग' कधी येईल ते कुणाच्या हातात नाही. जे काय गोड करून घ्यायचं ते मंगळवार आणि गुरुवारच्या मध्ये.

आता चहाचं सांगते. डॉक्टरांनी आम्हाला पाण्याचा हिशेब दिला होता: दिवसभरात लघवी होईल तेवढं, वर अर्धा लिटर. तुझ्या आईचं माप तिच्या डॉक्टरांनी सांगितलंय तेच धर, आमचं धरू नकोस. तुझे काका पाऊण लिटरवर होते. मी सकाळी तेवढी बाटली भरून ठेवायचे. चहा, ताक, आमटी, गोळीबरोबरचा घोट, जे पोटात जाईल तेवढं बाटलीतून कमी करायचं. उन्हाळ्यात दुपारी चारलाच बाटलीचा तळ दिसायचा आणि ते नुसते तिच्याकडे बघत बसायचे. त्यात माणूस पक्का चहाबाज.

एक दिवस ट्रंकेत लेकीची भातुकली सापडली. चिनी मातीच्या कपबश्या, त्यावर गुलाबी फुलं, एका कपाचा कान तुटलेला. मी औषधाच्या मापानं पाणी ओतून बघितलं: चाळीस मिली. म्हणजे एका मोठ्या कपाच्या हिशेबात चार वेळा चहा! त्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास. मग मी त्या एवढ्याशा चहासाठीही आलं ठेचायचे, गवती चहाचं पान टाकायचे. ते कप बशीत ओतायचे, फुंकर घालायचे, बशी दोन्ही हातांनी उचलायचे. सहा घोट. मी मोजलेत. त्या सहा घोटांत रक्ततपासणीतल्या क्रिएटिनिनचं नाव काढायचं नाही, बिलाचं नाही, कुणाच्या सल्ल्याचं नाही, असा घरात नियमच झाला. पूर्वी दोघं चहा घेत होतो तेव्हा ते पेपरात आणि मी स्वयंपाकघरात. तीस वर्षांच्या संसारात चहाला समोरासमोर बसलो ते त्या कपांमुळे.

तू भाजी बारीक चिरून कोमट पाण्यात भिजवतोस, पाणी ओततोस, पुन्हा उकळून तेही ओततोस. पोटॅशियमबरोबर चवही जाते, मला ठाऊक आहे. त्यात मीठ जेमतेम. पण वासाला माप नाही, मुला. लसणाची फोडणी द्यायच्या आधी आईला हाक मार, स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसव. कढीपत्ता तडतडतो तो आवाजही तिला ऐकू दे. पहिला पाऊस पडला की तिला दार उघडून उभी कर. आमच्याकडे सोनचाफ्याचं एक फूल उशाशी असायचं, सुकून तपकिरी झालं तरी ते टाकू द्यायचे नाहीत.

आईच्या हातावर फिस्टुला केलाय, म्हणजे मशीनसाठी शीर आणि धमनी जोडलीय, तिथे रोज बोटं टेकवून थरथर लागते का बघायला सांगितलंय ना? ते काम घाईत उरकू नकोस. आमचा नातू चार वर्षांचा होता. त्यानं आजोबांच्या मनगटाला कान लावला आणि म्हणाला, "आजी, आबांच्या हातात मांजर आहे!" खरंच तसाच आवाज येतो, मांजर गुरगुरल्यासारखा. पुढे आम्ही रोज सकाळी विचारायचो, "मांजर उठलं का?" उठलं असलं की दिवस सुरू.

दवाखान्यातली आणखी एक गोष्ट. वाट बघताना मी कुठेशी वाचलं की डायलिसिसचं पहिलं कामाचं यंत्र बनवलं ते विलेम कोल्फ या डॉक्टरनं, आणि १९४३ साली ते माणसावर चालवलं. नेदरलँड्स तेव्हा जर्मनांच्या ताब्यात. सामान मिळेना, तर त्यानं सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळ्या वापरल्या. पहिले पंधरा-सोळा रुग्ण जवळजवळ सगळे गेले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई वाचली. मी हे तुझ्या काकांना सांगितलं आणि त्यांनी ते पाठच केलं. खोलीत नवीन, घाबरलेला रुग्ण आला की शेजारच्या खाटेवरून ते सुरू व्हायचे, "ऐका, हे मशीन कसं निघालं माहितीये का..." सिस्टरांना तोंडपाठ झालं होतं. पण सांगताना त्यांचा आवाज असा खणखणीत लागायचा की मी बाहेर बाकावर बसून तोच ऐकत राहायचे.

सगळे दिवस असे नव्हते, हेही लिहायला हवं. मशीनवर एकदम रक्तदाब खाली यायचा, पायात गोळे यायचे, ते कळवळायचे. कधी पैशांवरून मी तोडून बोलले. एकदा त्यांनी पथ्याची भाजी ताटासकट सरकवली आणि दोघं दोन दिवस बोललो नाही. अशा दिवशी आनंद शोधायला जाऊ नकोस. दिवे घालव आणि झोप.

ते जाऊन आता तीन वर्षं होतील. महिन्यातून एखादा गुरुवार मी अजून त्या बाकावर येऊन बसते. पाय वळतात तिकडे.

या शनिवारीही येते. भातुकलीतले दोन कप शिल्लक आहेत, त्यातला धड कानाचा तुझ्या आईसाठी आणते. आणि एक ऐक. आई मशीनवर असताना चारही तास तू दाराकडे डोळे लावून बसतोस. शनिवारी मी बसते तिथे, फोन हातात ठेवते. तू टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत चढून ये. सकाळी वरून सगळं सातारा दिसतं. नाहीतर नाक्यावर मित्राला बोलाव, मिसळ खा, कालच्या मॅचवर तावातावानं भांड. मशीन उतरायच्या आधी अर्धा तास आलास तरी चालेल. आईला मी सांगते, तू कुठे गेलायस ते.

तुझी,
बाकावरची काकू