मनीनं बोचकारलं, आजीनं हळद लावली

प्रश्न : डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. आमच्याकडे मनी नावाची मांजरी आहे, अर्धी घरची, अर्धी गावची. तिनं पडवीत लाकडांच्या मोळीमागे पिल्लं घातलीत. सात वर्षांचा नातू मुंबईहून सुट्टीला आलाय. त्यानं एक पिल्लू उचललं, तशी मनीनं त्याच्या मनगटावर पंजा मारला. दोन ओरखडे उठले, थोडं रक्त आलं. मी लगेच हळद आणि खोबरेल लावलं. शेजारीण म्हणते, कुत्रा पिसाळतो, मांजर कुठे पिसाळते? सून मात्र इंजेक्शनासाठी हटून बसली आहे. पोटात चौदा सुया त्या पोरानं कशा सोसायच्या?
— एक आजी, चिपळूण तालुका

उत्तर : आजी (वयानं मीही तुमच्या मागेपुढेच, पण सही तुम्हीच तशी केलीत), हे छापून यायला महिना जाणार, म्हणून पत्र मिळालं त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला होता. आता लिहितेय ते इतरांसाठी.

सुनेचं बरोबर आहे. मांजरही पिसाळते. ती दिवसभर पंजे चाटते, म्हणजे लाळ नखांना लागलेली असतेच. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेच्या भोवती वेगळं सीरमही टोचतात. रक्त नसेल, नुसतं खरचटलं असेल, तर लस पुरते. पोटातली चौदा इंजेक्शनं बंद होऊन वीस वर्षं झाली. आता दंडात. बहुतेक सरकारी दवाखान्यांत कातडीतच टोचतात, पहिल्या डोसचा दिवस ० धरून ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी. सरकारी रुग्णालयात फुकट. मांजरीवर दहा दिवस लक्ष ठेवा, पण ते दहा दिवस संपायची वाट बघत लस थांबवू नका. ती खात-पीत, ठणठणीत राहिली तर पुढचे डोस घ्यायचे की नाही ते डॉक्टर सांगतील. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं होतं, तेही त्यांना सांगा.

हळदीबद्दल मात्र रागावणार आहे. माझ्या दवाखान्यात हळद, चुना, तंबाखू, एकदा तर चहापत्ती लावून आलेले पेशंट पाहिलेत. आधी ते सगळं खरवडून काढण्यातच माझा वेळ जायचा. घरी करायचं ते एवढंच : नळाखाली हात धरून साबणानं घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुणं. पोराला पंधरा मिनिटं फार मोठी वाटतात, म्हणून त्याला गोष्ट सांगत धुवा. मग पोव्हिडोन आयोडिन हे जंतुनाशक लावा, पट्टी घट्ट बांधू नका, आणि निघा.

लस झाली म्हणून विसरायचंही नाही. मला स्वतःला एका पिल्लानं बोचकारलं होतं. मी डॉक्टर, म्हणून अर्थातच दुर्लक्ष केलं. दोन आठवड्यांनी काखेत सुपारीएवढी दुखरी गाठ आणि बारीक ताप. बार्टोनेला नावाचा जंतू, पिसवांच्या विष्ठेतून मांजरीच्या नखांत येतो. पिल्लांकडून जास्त. बहुधा आपोआप बरं होतं, पण गाठ दिसली की दाखवायचं, शेकत बसायचं नाही. म्हणून मांजरीच्या पिसवांचं औषध जनावरांच्या डॉक्टरांकडून आणा. कुत्र्याचं औषध मांजरीला लावू नका, काही औषधांनी मांजर मरते.

नखं कापायची तर मनी झोपेनं जड झाली असताना. पंज्याची गादी हलकेच दाबा, नखी बाहेर येते. आत गुलाबी रेघ दिसते ती शीर. तिच्यापुढचं फक्त पांढरं टोक कापा. आमचे हे मांजर जुन्या टॉवेलात गुंडाळून धरतात आणि मी कापते, तरी एका बैठकीत दोन-तीन नखांपुढे मजल जात नाही. उरलेली उद्या. पडवीच्या खांबाला काथ्याची दोरी गुंडाळून ठेवलीत तर ती तिथे नखं घासेल, तुमच्या सोफ्याचंही भलं होईल. मनीला वर्षाला रेबीजची लस द्यायला विसरू नका. पिल्लं तीन महिन्यांची झाली की त्यांनाही.

नातवाला ओरडू नका हो. आईसमोर पिल्लू उचलायचं नसतं, एवढं मनीनं त्याला सांगून झालंय. पिल्लं महिनाभरात स्वतःच मोळीबाहेर येतील, तेव्हा सुतळीला कागदाचा बोळा बांधून खेळू दे. हातानं मात्र नाही.